आधी जन्मठेप वाचा

पैसे एकाच ग्रंथापुरते आहेत आणि यादीत दोन नावं उरली आहेत. एक जन्मठेपेच्या शिक्षेचा जगभरचा अभ्यास, दुसरा सार्वजनिक हिंसेच्या स्मृतीवरचा. ग्रंथालयाची खरेदी असो, अनुवादासाठी पुस्तक सुचवणं असो की महाविद्यालयाच्या संदर्भग्रंथांची यादी, असा प्रसंग आला की उत्तर आधीच ठरलेलं असतं: स्मृतीवरचा घ्या. हिंसा समाजाने लक्षात ठेवायची असते आणि शिक्षा न्यायालयाने द्यायची असते, असं त्यामागचं कारण सांगितलं जातं. पहिलं काम नागरिकाचं, दुसरं वकिलाचं. जन्मठेपेवरचं पुस्तक विधी महाविद्यालयाने घ्यावं, सार्वजनिक वाचनालयात त्याला वाचक कुठून येणार?

हा युक्तिवाद करणारी माणसं बेफिकीर नसतात. खैरलांजीनंतर रस्त्यावर उतरलेली, मुंबईच्या दंगलीनंतर मोहल्ला समित्यांत बसलेली, दरवर्षी 30 जानेवारीला न चुकता उभी राहणारी अशी ही माणसं आहेत. म्हणूनच त्यांना उत्तर देणं मला गरजेचं वाटतं. माझं म्हणणं मी मोघम ठेवत नाही. एकच ग्रंथ घ्यायचा असेल तर जन्मठेपेवरचा घ्या. हिंसा लक्षात ठेवणाऱ्या समाजाला शिक्षा सुनावल्यानंतर पुढे काय होतं हेच ठाऊक नसेल, तर त्याच्या स्मृतीचा निकाल मंत्रालयातल्या एका फाइलवर लागतो आणि त्याला तो नंतर वर्तमानपत्रातून कळतो. महाराष्ट्राच्या संदर्भात हे घडून गेलेलं आहे, आणि एकदाच नव्हे.

गांधीहत्येपासून सुरुवात करू. या हत्येवर मराठी माणसाने जितकं लिहिलं, भाषणं केली, नाटकं केली, भांडणं केली, तितकी क्वचितच दुसऱ्या कुठल्या हत्येवर केली असतील. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना 15 नोव्हेंबर 1949 रोजी अंबाल्याच्या तुरुंगात फाशी झाली. आपला सगळा वाद तिथे सुरू होतो आणि तिथेच संपतो. पण त्याच खटल्यात गोपाळ गोडसे, विष्णू करकरे आणि मदनलाल पाहवा यांना जन्मठेप झाली होती. या देशातल्या प्रत्येक जन्मठेपेच्या कैद्याचं आयुष्य ज्या निकालाने बांधलेलं आहे, तो निकाल गोपाळ गोडसे यांनी तुरुंगातून केलेल्या अर्जावर दिलेला आहे. गोडसे या नावावर तासन्‌तास बोलणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं?

अर्ज असा होता: तुरुंगाच्या नियमांप्रमाणे चांगल्या वागणुकीची माफी मिळत गेली, ते दिवस आणि प्रत्यक्ष भोगलेले दिवस मिळवले तर वीस वर्षं भरतात, तेव्हा सुटका हा आपला हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 1961 मध्ये तो फेटाळला. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं नैसर्गिक आयुष्य, असं न्यायालयाने सांगितलं. तुरुंगाच्या वहीतले माफीचे दिवस कितीही भरले तरी त्यामुळे दार आपोआप उघडत नाही. दार उघडायचं की नाही हे सरकार ठरवतं. वीस वर्षांचा उल्लेख दंडसंहितेत आहे खरा, पण तो शिक्षेचे अपूर्णांक काढण्यापुरता. आजवर हाच कायदा आहे.

निकालात 'सरकार' हा शब्द आला आणि जन्मठेपेचं सगळं राजकारण त्या शब्दातून सुरू झालं. न्यायालयाने नाकारलेली सुटका सरकारने ऑक्टोबर 1964 मध्ये दिली. तिघेही बाहेर आले. नोव्हेंबरात पुण्यात त्यांच्या स्वागतासाठी सत्यविनायकाची पूजा झाली, निमंत्रणं गेली, माणसं जमली. त्या समारंभात लोकमान्य टिळकांचे नातू आणि 'केसरी'चे एके काळचे संपादक ग. वि. केतकर बोलले. नथुरामच्या मनात काय आहे हे आपल्याला हत्येपूर्वीच कळलं होतं, असं त्यांच्या बोलण्यातून बाहेर आलं. देशभर गदारोळ झाला. विधिमंडळात आणि संसदेत प्रश्न विचारले गेले. गोपाळ गोडसे यांना भारत संरक्षण नियमांखाली पुन्हा स्थानबद्ध करण्यात आलं. मग चौकशी नेमली गेली. ती अखेर न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्याकडे आली. त्यांचा अहवाल 1969 मध्ये आला.

या घटनाक्रमाकडे नीट पाहा. कटाची आगाऊ माहिती कोणाला होती, मुंबई आणि दिल्लीच्या पोलिसांनी काय केलं आणि काय केलं नाही, याची सर्वांत विस्तृत चौकशी 1948 च्या शोकातून उभी राहिली नाही. सोळा वर्षं दर 30 जानेवारीला अकरा वाजता भोंगे वाजले आणि देश दोन मिनिटं उभा राहिला, तरीही ती झाली नाही. जन्मठेप संपली आणि सुटलेल्यांची पूजा झाली, तेव्हा ती झाली. स्मृतीला जागं करायला शिक्षेचा शेवट लागला, आणि तोवर सुटकेचा हुकूम निघून गेलेला होता. सोडायचं की नाही, सोडताना कोणाचं मत घ्यायचं, कोणत्या अटी घालायच्या, हे सारे प्रश्न समाजाने 1964 च्या उन्हाळ्यात विचारायला हवे होते. ते कोणी विचारले नाहीत, कारण ते विचारता येतात हेच कोणाला माहीत नव्हतं.

या प्रकरणानंतर अठ्ठावन्न वर्षांनी, 15 ऑगस्ट 2022 रोजी, गोध्राच्या तुरुंगाबाहेर हार आणि मिठाई घेऊन माणसं उभी होती. बिल्किस बानो प्रकरणात जन्मठेप भोगणारे अकरा जण सुटले होते. 2002 च्या गुजरातमधला हा गुन्हा: सामूहिक बलात्कार आणि कुटुंबातल्या चौदा जणांची हत्या, त्यांत बिल्किसची लहान मुलगी. गुजरातमध्ये न्याय मिळणार नाही असं दिसल्यावर सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये खटला मुंबईला हलवला. मुंबईच्या विशेष न्यायालयाने जानेवारी 2008 मध्ये शिक्षा दिली. 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. म्हणजे ही शिक्षा महाराष्ट्रात दिलेली आहे.

गुजरात 2002 ची स्मृती कमी होती असं कोणी म्हणू शकणार नाही. अहवाल, पुस्तकं, चित्रपट, साक्षींची संकलनं यांनी कपाटं भरलेली आहेत. तरीही सुटकेची फाइल फिरत होती तेव्हा देशात शांतता होती. शिक्षा देणाऱ्या न्यायालयाच्या न्यायाधीशांनी विरोध नोंदवलेला होता, तपास करणाऱ्या सीबीआयनेही नोंदवला होता, आणि ही मतं त्या फाइलीत पडून होती. सुटका झाली आणि मग संताप उसळला.

आणि तो निर्णय उलटला कसा? 8 जानेवारी 2024 रोजी न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी सुटका रद्द केली ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 432 मधल्या पोटकलम 7 च्या आधारावर. ज्या राज्यात शिक्षा झाली त्याच राज्याच्या सरकारला माफीचा अधिकार आहे, गुन्हा जिथे घडला त्या राज्याला नाही. अधिकार महाराष्ट्राचा होता, गुजरातने तो वापरला, म्हणून हुकूम रद्द. त्या महिन्याच्या 21 तारखेला अकराही जण पुन्हा गोध्राच्या तुरुंगात हजर झाले. ज्या स्त्रियांनी याचिका केल्या त्यांना न्यायालयाच्या दारापर्यंत स्मृतीनेच नेलं, हे मी मनापासून मानतो, आणि त्यांचं ऋण या देशावर आहे. पण दार उघडलं ते एका पोटकलमाने. स्मृतीच्या ग्रंथात ते पोटकलम सापडत नाही. जन्मठेपेवरच्या ग्रंथात ते असतं.

यावर मला एक आक्षेप ऐकवला जातो: हे सगळं मागाहून सुचलेलं शहाणपण आहे. तसं असेल तर पुढे येणारी एक तारीख सांगतो. 12 मार्च 1993 चे बॉम्बस्फोट मुंबई विसरलेली नाही. 257 माणसं गेली. त्या खटल्यात अबू सालेमला 2017 मध्ये जन्मठेप झाली. पण तो पोर्तुगालमधून 2005 मध्ये भारतात आणला गेला, आणि पोर्तुगालने जन्मठेप 1884 मध्येच रद्द केलेली आहे. त्याला आणण्यासाठी भारत सरकारने पोर्तुगालला हमी दिली होती की फाशी होणार नाही आणि 25 वर्षांपेक्षा अधिक काळ तुरुंगात ठेवलं जाणार नाही. डिसेंबर 2002 मधली ती हमी तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांची. जुलै 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं की ही हमी बांधील आहे आणि 25 वर्षं पूर्ण झाली की तुम्हाला तिच्याप्रमाणे पावलं टाकावी लागतील. ही 25 वर्षं 2030 मध्ये भरतात.

त्या वर्षी मुंबईत काय होईल ते आज सांगता येतं. आठवण ताजी आहे, राग खरा आहे, आणि एका युरोपीय देशाने जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी जन्मठेप का सोडली याची माहिती कोणाकडे नाही. ज्या सरकारच्या हातात तेव्हा सत्ता असेल त्याला न्यायालयाची फसवणूक झाली, विदेशी दबाव आला, कोणीतरी विकलं गेलं, यांपैकी हवं ते लोकांना पटवून देता येईल. ज्यांनी आपली माणसं झवेरी बाजारात किंवा सेंच्युरी बाजारात गमावली त्यांना खरं कारण कोण सांगणार? जन्मठेपेवरचा ग्रंथ वाचनालयात असेल, दोनचार शिक्षकांनी आणि बातमीदारांनी वाचलेला असेल, तर निदान ती चर्चा माणसांसारखी होईल.

मुंबईच्या त्याच काळाकडे पाहताना आणखी एक गोष्ट स्पष्ट दिसते, आणि माझ्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मधल्या दंगलींत 900 माणसं मेली, हा न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा आकडा. त्यांत 575 मुस्लीम आणि 275 हिंदू. पाठोपाठ मार्चमध्ये स्फोट झाले. स्फोटांच्या खटल्यात टाडा न्यायालयाने शंभर जणांना दोषी ठरवलं, त्यांपैकी वीस जणांना जन्मठेप दिली. दंगलींच्या खटल्यांत शिक्षा फारच थोड्या झाल्या. श्रीकृष्ण अहवाल 1998 पासून कपाटात आहे. परिणाम काय झाला? आज शाळेतल्या मुलाला विचारा. स्फोट हा गुन्हा आहे हे त्याला ठाऊक असतं, कारण कोणीतरी त्यासाठी तुरुंगात आहे. दंगल ही त्याला परिस्थिती वाटते, पावसापाण्यासारखी येऊन गेलेली. समाज कोणती हिंसा गुन्हा म्हणून लक्षात ठेवेल आणि कोणती आपत्ती म्हणून, हे बरंचसं कोण आत आहे यावर ठरतं. मग शिक्षेचा अभ्यास बाजूला ठेवून स्मृतीचा अभ्यास करायचा कसा?

1948 मध्येही हेच झालं. गांधीहत्येनंतर पश्चिम आणि दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. हत्येच्या आठवणीला न्यायालयाच्या नोंदींचा कणा मिळाला. जळितांची आठवण घराघरांतल्या कुजबुजीत राहिली, व्यंकटेश माडगूळकरांच्या 'वावटळ'मध्ये राहिली, मॉरीन पॅटर्सन यांच्यासारख्या एखाद्या परदेशी अभ्यासकाच्या लेखात राहिली. अशा ठिकाणी स्मृतीवरचं पुस्तक आधी हवं, हे मी मान्य करतो. जिथे खटलाच उभा राहिला नाही तिथे आठवण सांगणाऱ्या माणसाखेरीज दुसरं काही नसतं. फाळणीचं तसंच आहे. उर्वशी बुटालिया यांच्या 1998 च्या पुस्तकाने बायकांची साक्ष गोळा केली नसती तर ती गेलीच असती. मी त्या पुस्तकांच्या विरोधात नाही. मी त्यांना मिळणाऱ्या आपोआपच्या पहिल्या मानाच्या विरोधात आहे.

कारण काळ बदलला आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 103 मध्ये पाच किंवा अधिक जणांच्या जमावाने जात, समुदाय, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेल्या खुनासाठी प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप सांगितली आहे. सार्वजनिक हिंसा आणि जन्मठेप आता एकाच कलमात बसवलेल्या आहेत. वाचनालयाच्या कपाटात त्यांना दोन वेगळे कप्पे देऊन चालणार नाही.

आता सर्वांत बोचरा आक्षेप. जन्मठेपेचा अभ्यास म्हणजे कैद्यांची कड घेणं, असं मानलं जातं. मानवी हक्कांच्या दृष्टीने लिहिलेलं पुस्तक हिंसेच्या बळींच्या शेजारी ठेवायचं म्हणजे त्यांचा अपमान. मी या आक्षेपाला बगल देणार नाही. डर्क वॅन झिल स्मिट आणि कॅथरीन ॲपलटन यांचा 2019 चा ग्रंथ, हार्वर्डने काढलेला, या विषयावरचा आज सर्वांत भरीव ग्रंथ आहे. 2014 साली जगात सुमारे 4 लाख 79 हजार माणसं जन्मठेप भोगत होती, असा त्यांचा अंदाज आहे. फाशी रद्द होत गेली तशी जन्मठेप तिच्या जागी आली आणि फाशीइतका विचार तिच्या वाट्याला कधी आला नाही, हे ते दाखवतात. होय, हे लेखक कैद्याला माणूस मानतात. 1977 मध्ये पश्चिम जर्मनीच्या संविधान न्यायालयाने सांगितलं की जन्मठेपेच्या कैद्याला कधीतरी बाहेर पडण्याची खरीखुरी शक्यता असली पाहिजे. 2013 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ब्रिटनविरुद्धच्या खटल्यात तेच तत्त्व मांडलं. मला ही तत्त्वं पटतात. पण ती ज्यांना पटत नाहीत त्यांनीही हा ग्रंथ वाचावा, असंच मी म्हणतो. सुटकेचा निर्णय कोण घेतो, कोणते निकष लावतो, बळींच्या कुटुंबाला विचारतो का, निर्णयाची कारणं लिहितो का, हे प्रश्न कैद्याच्या जितके कामाचे आहेत तितकेच बळींच्या कुटुंबाच्या कामाचे आहेत. अंधारात घेतलेला निर्णय दोघांवरही अन्याय करतो. कधी गरीब कैद्याची फाइल वर्षानुवर्षं हलत नाही, कधी वजनदार कैद्याची एका स्वातंत्र्यदिनाला हलते.

खैरलांजीचं उदाहरण घ्या. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. ही स्मृती दलित चळवळीने जिवंत ठेवली आहे, दरवर्षी सप्टेंबरात ती पुन्हा बोलते, आनंद तेलतुंबडे यांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं आहे. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. 2010 मध्ये नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून 25 वर्षांची शिक्षा दिली. जातीय अत्याचाराचा कायदा लागला नाही. जात हे कारण न्यायालयाने मानलं नाही, सूड मानला. यावर पुष्कळ लिहिलं गेलं. पण पुढचा प्रश्न कोणी विचारताना मला दिसत नाही. मुदतपूर्व सुटकेचे नियम गुन्ह्याचं स्वरूप आणि त्यामागचं कारण पाहून वर्षं ठरवतात. कागदावर जात नसेल, तर सुटकेचा विचार करणाऱ्या समितीसमोर खैरलांजी हा गावकीतल्या भांडणाचा खून म्हणून जाणार. चळवळीच्या स्मृतीत एक खैरलांजी आणि गृहखात्याच्या फाइलीत दुसरं. या दोहोंची गाठ पडेल त्या दिवशी कुटुंबातून वाचलेले भैयालाल भोतमांगे बोलायला नसतील, ते 2017 मध्ये गेले. कोण बोलणार आणि कशाच्या आधारावर, याची तयारी आज व्हायला हवी. त्या तयारीला भाषणं पुरणार नाहीत.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, त्यात अभ्यास करण्यासारखं काय आहे, असंही सर्रास म्हटलं जातं. हे चुकीचं आहे आणि या गैरसमजाने फार नुकसान केलं आहे. चौदा वर्षांची अट 1978 मध्ये कलम 433-अ म्हणून आली. जन्मठेपेचे कैदी फार लवकर सुटतात ही तक्रार होती, म्हणून संसदेने सांगितलं की ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते त्यात चौदा वर्षांच्या आत सोडता येणार नाही. ती किमान मर्यादा आहे. चौदा भरली की सोडा, असं ती म्हणत नाही. 1980 मध्ये मारूराम खटल्यात न्यायालयाने ती वैध ठरवली. 2008 मध्ये स्वामी श्रद्धानंद खटल्यात न्यायालयाने फाशी आणि साधी जन्मठेप यांच्या मधली नवी शिक्षा घडवली: वीस, पंचवीस, तीस वर्षं किंवा मरेपर्यंत, माफीशिवाय. 2015 मध्ये राजीव गांधी हत्येच्या प्रकरणातून घटनापीठाने ती तीन विरुद्ध दोन मतांनी उचलून धरली. दोन न्यायाधीशांनी विरोध केला, तोही वाचण्यासारखा आहे. म्हणजे 'जन्मठेप' या एका नावाखाली आज आपल्याकडे अनेक वेगवेगळ्या शिक्षा आहेत. या देशातल्या शिक्षाबंद्यांपैकी निम्म्याहून अधिक जण जन्मठेप भोगत आहेत. एवढी मोठी गोष्ट वकिलांवर सोडून द्यायची?

मराठीत तुरुंगाचं साहित्य भरपूर आहे, मग आणखी कशाला, असं कोणी म्हणेल. आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. सावरकरांची 'माझी जन्मठेप' 1927 ची. विनोबांची गीता प्रवचनं धुळ्याच्या तुरुंगातली, साने गुरुजींची श्यामची आई नाशिकच्या. पण ही सगळी राजबंद्यांची लेखणी आहे. ज्याने बांधावरून भावाचा खून केला, ज्याला जमावात सामील झाल्याबद्दल शिक्षा झाली, त्याच्या वीस वर्षांबद्दल मराठी वाचकाला जवळजवळ काहीच माहीत नाही. फर्लो म्हणजे काय आणि पॅरोल म्हणजे काय, येरवड्यातून पैठणच्या खुल्या कारागृहात कोणाला पाठवतात, हे कुठल्या कादंबरीत येतं? आणि ही तीच भूमी आहे जिथे औंध संस्थानात स्वतंत्रपूरला खुन्यांना भिंतीशिवाय ठेवण्याचा प्रयोग झाला. त्यावरून स्फुरलेल्या 'दो आँखें बारह हाथ'ला आपण आजही दाद देतो. विचार आपल्याकडेच झाला होता, आपण त्याचा फक्त सिनेमा जपला.

नॉर्वेचं उदाहरण मला नेहमी उलट बाजूने दिलं जातं: तिथे म्हणे समाजाने स्मृतीवर भर दिला, शिक्षेवर नाही. वस्तुस्थिती वेगळी आहे. 22 जुलै 2011 रोजी ऑस्लो आणि उटोया बेटावर 77 माणसं मारली गेली. नॉर्वेने जन्मठेप 1981 मध्येच रद्द केली होती. मारेकऱ्याला 24 ऑगस्ट 2012 रोजी 21 वर्षांची संरक्षक कैद मिळाली. तो धोकादायक राहिला तर ती पाच पाच वर्षांनी वाढवता येते. दोन्ही बाजूंपैकी कोणीही अपील केलं नाही. लोकांना ती शिक्षा काय आहे हे खटल्याच्या काळातच समजावून सांगितलं गेलं होतं. अडखळली ती स्मृतीच. उटोयासमोरचं भूशिर कापून स्मारक करायची कल्पना 2014 मध्ये निवडली गेली, शेजाऱ्यांनी विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेलं, 2017 मध्ये सरकारने ती सोडून दिली. धक्क्यावरचं दुसरं स्मारक 2022 मध्ये खुलं झालं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला, पहिली दहा वर्षं भरल्यामुळे, मारेकऱ्याच्या सुटकेच्या अर्जावर सुनावणी झाली, त्याने तिथे नाझी सलाम केला, आणि अर्ज फेटाळला गेला. वाचलेल्यांना ते पाहावं लागलं. हे दुःख मी लहान मानत नाही. पण ही सुनावणी कधी येणार हे त्यांना दहा वर्षं आधी ठाऊक होतं. बिल्किसला अकरा जण सुटल्याचं सुटल्यावर कळलं.

स्मृतीचे अभ्यासकही स्मृतीवर इतका भाबडा विश्वास ठेवत नाहीत. जेम्स यंग यांनी 1993 च्या 'द टेक्स्चर ऑफ मेमरी'त इशारा दिला आहे की स्मारक उभं राहिलं की आठवणीचं ओझं आपण त्या दगडावर टाकून मोकळे होतो. आपल्याकडे पुतळे आणि चौक कमी नाहीत. कमी आहे ती शिक्षेच्या पुढच्या वीस वर्षांवर लक्ष ठेवणारी माणसं.

म्हणून ग्रंथनिवड करणाऱ्यांना माझी विनंती आहे. या वर्षी एकच ग्रंथ घेता येणार असेल तर जन्मठेपेवरचा घ्या. त्याच्या शेजारी राज्याच्या मुदतपूर्व सुटकेच्या मार्गदर्शक सूचनांची एक प्रत ठेवा, शासन निर्णय असल्यामुळे तिला पैसे पडत नाहीत. मराठी प्रकाशकांनी वॅन झिल स्मिट आणि ॲपलटन यांच्या ग्रंथाचा संक्षिप्त अनुवाद हाती घ्यावा, त्यात भारतीय निकालांचं एक प्रकरण जोडावं आणि ते एखाद्या सत्र न्यायाधीशाकडून तपासून घ्यावं. आणि गृहविभागाने प्रत्येक मुदतपूर्व सुटकेचा हुकूम कारणांसह प्रसिद्ध करावा, त्याआधी बळींच्या कुटुंबाला लेखी कळवावं. 2030 फार दूर नाही.